तक्रारीची प्रार्थना

आम्हा ख्रिस्ती व्रतस्थ भगिनींच्या दिवसाचा शेवट रात्रीच्या प्रार्थनेने होतो आणि दर शुक्रवारी या प्रार्थनेत ८८ वे स्तोत्र म्हटले जाते. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी सर्वांत काळोखे स्तोत्र बहुधा हेच असावे. इतर विलापस्तोत्रांत भक्त रडतो, देवाला जाब विचारतो आणि शेवटी कुठेतरी आशेचा एखादा शब्द उच्चारतो. या स्तोत्रात मात्र रात्रंदिवस हाक मारणाऱ्या माणसाला काहीच उत्तर मिळत नाही आणि त्याचे बोलणे अंधारातच थांबते. दिवसभर दमलेल्या माणसाने झोपण्यापूर्वी हे का म्हणावे, असा प्रश्न मला व्रत घेण्यापूर्वीच्या उमेदवारीच्या काळात नेहमी पडत असे. गेली काही वर्षे मी केनियाच्या तुर्काना भागात मिशनच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करते आहे. सुट्टीवर गावी आले की लोक आपुलकीने विचारतात, सिस्टर, एवढ्या हालअपेष्टांत तुम्हाला शांती कशी लाभते? अशा वेळी मला सर्वांत आधी हे स्तोत्र आठवते आणि त्याचे कारण एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी मूळची मराठवाड्यातल्या गंगापूर तालुक्यातील एका कोरडवाहू गावची. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले आणि त्याच शतकाच्या अखेरीस आमच्या भागात, घोगरगावच्या परिसरात, फ्रेंच धर्मगुरू येऊन राहिले. ज्या मातीत सेवेसाठी परदेशातून माणसे आली, तिथल्या मुलीने नर्सिंग शिकून परक्या देशात जावे, यात मला ऋण फेडल्याचे समाधान वाटते. तुर्काना हा केनियाचा वायव्येकडील भाग असून लोडवार हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. लोडवारला वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्याला दुष्काळी म्हणतो त्या मराठवाड्याची सरासरी त्याच्या तिपटीहून अधिक आहे. आपल्या गावठाणांच्या कडेने माजलेली वेडी बाभूळ इथेही माजली आहे आणि तिच्या शेंगा खाऊन शेळ्यांचे दात किडतात, अशी इथल्या गुराख्यांची जुनी तक्रार आहे. नदीचे पात्र आटले की बायका वाळूत झिरा खोदतात. झिरा खोल गेला की एकजण आत उतरते, वाटीवाटीने पाणी भरते आणि वर वाकून बसलेली दुसरी ते कॅनमध्ये ओतून घेते. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा परदेशात आल्यासारखे वाटलेच नाही.

तुर्कानात पावसाचे हंगाम दोन, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत असे सलग पाच हंगाम कोरडे गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये केनियाच्या सरकारने दुष्काळ ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे जाहीर केले. तुर्काना माणूस शेतीपेक्षा जनावरांवर जगतो, त्यामुळे शेळ्या आणि उंट मरू लागले की घरातले दूध जाते आणि दूध गेले की सर्वांत आधी अंगावरून नुकतेच सुटलेले मूल खंगते. अशा मुलाच्या दंडाला आम्ही मापाची रंगीत पट्टी गुंडाळतो. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवर लाल रंग दिसतो. शिवाय ताप, हगवण किंवा अंगावर सूज असेल, तर त्या मुलाला भरती करून घ्यावे लागते.

उपाशी मुलाला पोटभर खाऊ घालावे असे कोणत्याही आईला वाटणार, पण नेमके तेच जीवघेणे ठरते, कारण खंगलेल्या शरीराला एकदम अन्न दिले तर हृदयावर ताण येऊन मूल दगावू शकते. म्हणून सुरुवातीला एफ-७५ नावाचे पातळ दूध, ज्याच्या शंभर मिलिलिटरमध्ये फक्त ७५ कॅलरी असतात, दर दोन-तीन तासांनी मोजून पाजायचे. रात्रीही त्यात खंड पडू द्यायचा नाही, कारण अशा मुलांचे अंग पहाटेच्या सुमारास गार पडते आणि रक्तातील साखर उतरते. जे मूल यातून तरते, त्याला पुढे शेंगदाण्याच्या कुटाची, दूधभुकटी घातलेली पेस्ट मिळते. ते पाकीट मूल स्वतःच्या हाताने चोखू लागले की वॉर्डातल्या सगळ्या बायका त्याच्याकडे वळून बघतात.

सगळी मुले त्या पाकिटापर्यंत पोहोचत नाहीत. दुष्काळाच्या त्या काळात एका पहाटे एक मुलगी गेली. दोनचे दूध मी तिला पाजले होते, चारचे तिने घेतले नाही. तिची आई जागच्या जागी बसून राहिली, पण आजी उठली, अंगणात गेली, आकाशाकडे हात उगारून मोठ्या आवाजात बोलू लागली. तुर्काना लोक देवाला अकुज म्हणतात, आणि पावसासाठी त्याला बोकड अर्पण करण्याची त्यांची जुनी रीत आहे. आमच्या वॉर्डातील मदतनीस बाईंनी मला हळूच अर्थ सांगितला: आम्ही तुला आमचा बोकड दिला, तो तू घेतलास, आणि आता ही पोरगीही घेतलीस, मग तुझ्याकडे आमचे देणे किती, ते तूच सांग. तिला कोणीही गप्प केले नाही. बराच वेळ बोलून झाल्यावर ती आत आली, नातीला कापडात गुंडाळले आणि शेजारच्या खाटेवरील दुसऱ्या बाईचे रडणारे मूल मांडीवर घेतले.

माझ्या आजीची मला त्या वेळी फार आठवण झाली. आमचे घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती असले तरी जात्यावर बसल्यावर शेजारणींच्या ओव्या आणि आजीच्या ओव्या एकच असत आणि त्या ओव्यांमध्ये देवाला रागे भरण्याची कोणालाच भीती वाटत नसे. जनाबाई आमच्याच मराठवाड्यातील गंगाखेडची. आपल्या विठ्ठलाला तिने जे बोल लावले आहेत ते आजही बायकांच्या तोंडी आहेत आणि त्यामुळे तिची भक्ती कमी ठरली असे कोणी म्हणत नाही. ज्याच्याशी नाते असते त्याच्याशीच माणूस भांडतो. येशूनेही क्रुसावर, तू माझा त्याग का केलास, असा प्रश्न पित्याला विचारला आणि तो प्रश्न २२ व्या स्तोत्रातलाच आहे. असे असताना दुःखी माणसाने तक्रार करू नये, अशी शिकवण आपल्या चर्चमध्ये आणि घराघरांत कशी रुजली, याचे मला आजही वाईट वाटते. त्या काळात मला फोनवर रोज संदेश येत असत, की देवाच्या मनात काहीतरी असेल, देव परीक्षा पाहतो, तो सहन होईल तेवढेच देतो. लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेम होते हे मला ठाऊक आहे, पण चारचे दूध न घेतलेल्या मुलीच्या खाटेपाशी उभे राहून यातले एकही वाक्य मला तोंडातून काढता आले नसते. जे वाक्य मृत मुलाच्या आईसमोर म्हणता येत नाही, ते देवाविषयी खरे आहे असे मी मानत नाही.

त्या आठवड्यातील शुक्रवारी आम्ही भगिनी नेहमीप्रमाणे रात्रीच्या प्रार्थनेसाठी जमलो. स्तोत्र संपले आणि त्यानंतर येणारे छोटे शास्त्रवाचन झाले. शुक्रवारचे हे वाचन यिर्मया संदेष्ट्याच्या १४ व्या अध्यायातून घेतलेले एक वचन असते: प्रभो, तू आमच्यामध्ये आहेस, आम्हांला सोडू नकोस, असा त्याचा आशय. इतकी वर्षे ते वचन मी म्हणत होते, पण त्या रात्री बायबल उघडून अख्खा अध्याय वाचला. तो अवर्षणाविषयीचा आहे. हौदांवर पाण्यासाठी गेलेले लोक रिकामी भांडी घेऊन परत येतात, जमिनीला भेगा पडलेल्या असतात, शेतकरी लाजेने डोकी झाकून घेतात आणि हरिणी नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला सोडून जाते, कारण गवताचे पान राहिलेले नसते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने आमचा वॉर्ड, इथले झिरे आणि माझ्या भावाचे कपाशीचे वावर पाहिले असावे, असे मला वाटले. आणि अशा प्रसंगी, देवाने मदत पाठवलेली नसताना, तो देवाला म्हणतो की तू आमच्यामध्ये आहेस.

या वाचनानंतर काही क्षणांतच शिमोनाचे गीत येते. देवळात बाळ येशूला हातात घेतलेला तो वृद्ध माणूस, आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे, असे म्हणतो आणि हे गीत आम्ही वर्षातली प्रत्येक रात्र म्हणतो. अंधारात थांबणारे स्तोत्र, अवर्षणाचे वचन आणि मग शांतीचे गीत, असा हा क्रम चर्चने लावलेला आहे. मधे कोणीही दुःखाचे कारण समजावून सांगत नाही. मला लाभलेली शांती याच क्रमाने आली. बोलायचे ते बोलून झाले होते, ऐकणारा ऐकत होता आणि दोन वाजता पुढच्या मुलाला दूध पाजायचे होते. माझे दुःख ओसरले नव्हते आणि त्या मुलीचा चेहरा आजही माझ्यापुढे येतो, पण दूध मोजताना हाताला होणारा कंप थांबला आणि वॉर्डात पाऊल टाकताना पोटात येणारा गोळाही नाहीसा झाला. मी या शांतीला श्रद्धेचे फळ मानते, कारण माझ्या स्वभावात ती नव्हती.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दुष्काळात अन्न देणाऱ्या मिशनकडे लोक संशयाने पाहतात आणि आपल्याकडील इतिहास पाहता तो संशय मी समजू शकते. आमच्या केंद्रात पट्टीवर दंड मोजताना कोणाचा बाप्तिस्मा झाला आहे हे विचारले जात नाही, दूध पाजण्यापूर्वी प्रार्थना म्हणवून घेतली जात नाही आणि रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, येणे न येणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर असते. अकुजला जाब विचारणाऱ्या त्या आजीला माझ्या देवाविषयी मी काहीही सांगितले नाही. तिच्याकडून शिकले मात्र पुष्कळ.

हे शिकणे मला पुढे माझ्याच घरी उपयोगी पडले. मराठवाड्यात २०१५ या एका वर्षात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दोन वर्षांत आमची विहीर आटली, बोअर कोरडे निघाले आणि भावाने चर्चला जाणे सोडले. आई फोनवर रडायची, की तू तरी त्याला समजाव. तेव्हा मी त्याला देवाच्या योजनेविषयी बरेच काही सांगत असे आणि तो, हो ताई, म्हणून फोन ठेवत असे. तुर्कानातील त्या पहाटेनंतर मात्र मी त्याला एवढेच म्हणाले, की तुला देवाचा राग आला असेल तर चर्चमध्ये जाऊन त्याच्याशीच भांड, बाहेर राहून कशाला भांडतोस. तो हसला. नंतरच्या सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला तो आईला घेऊन गेला आणि तिथे फार वेळ एकटाच बसून होता, असे आईने कळवले. काय बोलला ते त्याने कोणाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

मागच्या सुट्टीत आई मला शेजारच्या गावी एका घरी घेऊन गेली. तिथल्या तरुण शेतकऱ्याने पोळ्याच्या आधी जीव दिला होता. त्याची बायको सुरुवातीला पदर तोंडाला लावून, सगळी देवाची इच्छा, असे लोकांकडून ऐकलेले वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई तिला म्हणाली, बाई, ही देवाची इच्छा नव्हती, तू खुशाल त्याला बोल. मग ती बोलली. नवऱ्याला बोलली, सावकाराला बोलली, पावसाला बोलली आणि देवालाही सोडले नाही. आम्ही दोघी ऐकत बसलो. तिचे बोलून झाल्यावर आईने चहा ठेवायला सांगितला आणि मी शासनाच्या एक लाखाच्या मदतीची चौकशी केली. तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत मिळतात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिने कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी आणली, त्यात सातबारा होता, पंचनामा होता, शवविच्छेदनाचा अहवाल होता, फक्त तिच्या नावाचे पासबुक नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मोटरसायकल घेऊन गेला आणि तिला व तिच्या सासऱ्यांना बँकेत घेऊन आला.