मेतकूट, भाजणी आणि आम्ही दोघी जावा : आमची वाटचाल

पुतण्या म्हणाला, "काकू, मालाबरोबर द्यायला एक कागद छापून घेऊ. आमची वाटचाल म्हणून. दोनशे शब्द पुरे." दोनशे शब्दांत उडदाची डाळसुद्धा भाजून होत नाही. म्हणून मला हवं तेवढं मी लिहिणार आहे. कंटाळा येईल त्याने कागद उलटून दर बघावेत.

धंदा सुरू झाला 1993 साली, सांगलीत, खणभागातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या पडवीत. मी आणि थोरल्या जाऊबाई. मी त्यांना वहिनी म्हणते. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजच्या हॉस्टेलांतली पोरं. घरून आणलेला मेतकुटाचा डबा दिवाळी सरल्यावर महिन्याभरात संपायचा आणि मेसचं जेवण तर जगजाहीर. वर्गातल्या एका मुलाबरोबर दिराच्या मुलीने डबा पाठवला, दुसऱ्या आठवड्यात सहा रिकामे डबे घरी आले. मऊ भात, तूप, मीठ आणि वर मेतकूट, एवढ्यावर परीक्षेचा महिना काढणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यातले काही आज परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि अजून आईच्या पत्त्यावर आमच्याकडून अर्धा अर्धा किलो मागवून घेतात.

कर्ज कोणी दिलं नाही. बँकेतले साहेब आम्हाला दर खेपेला लिज्जतची गोष्ट सांगत. 1959 साली गिरगावात सात बायका, ऐंशी रुपये उसने, आणि बघा आज कुठे पोचल्या. गोष्ट संपली की फाइल परत आमच्या हातात. शेवटी वहिनींच्या पाटल्या गेल्या, माझा गोफ गेला. वहिनींच्या पाटल्या परत आल्या. गोफाचं नाव मी काढत नाही.

आता खऱ्या विषयाकडे. आमच्याकडे तीन कढया आहेत, तिन्ही बिडाच्या. मोठी वहिनींच्या सासरची, म्हणजे माझ्याही, पण त्या तसं म्हणतात. स्टीलच्या कढईत डाळ भाजू नये, तळाशी डाग पडतो आणि वर कच्ची राहते. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की आच सगळीकडे सारखी लागते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. तांदूळ धुऊन सावलीत सुकवलेला, तो कढईत फुलून पांढरा होतो आणि दाताखाली कुटकन तुटतो. हरभऱ्याची डाळ बदामी. उडदाला गुलाबी झाक आली आणि घरभर वास सुटला की उतरवायची, डोळ्यांपेक्षा तिथे नाकावर भरवसा ठेवावा. मेथीला मात्र क्षणाचीही सवड नाही. जरा काळवंडली की त्या घाण्याचं सगळं मेतकूट कडू. धने, जिरे शेवटी, गॅस बंद करून, कढईच्या उरल्या उष्णतेवर. हिंग आम्ही खडा घेतो आणि तुपात फुलवून कुटतो. बाजारातल्या तयार पुडीत हिंग थोडा आणि पीठ-डिंक फार. 2021 च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं आणि इथे गणपती पेठेत खड्या हिंगाचा भाव कडाडला. तेव्हाही आम्ही पुडीवर गेलो नाही.

भाजल्यावर निववणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि त्याची फिकीर कोणालाच नसते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, मगच दळायचं. कोमट दळलं तर पाकिटात पिठाला घाम सुटतो, गुठळ्या होतात, पंधरा दिवसांत खवट. घरी करत असाल तर रात्री भाजा, सकाळी दळा. आणि मेतकूट फ्रिजमध्ये ठेवू नका. सांगून थकले.

पहिली काही वर्षं दळण बाहेर द्यायचो. गिरणीवाले मामा भले माणूस, पण आमच्या आधी कुणाची मिरची दळली असेल तर भाजणी लाल यायची. आधी आपलं शेरभर तांदूळ दळून जातं साफ करून घ्यावं लागे, ते पीठ कुणाच्या खाती धरायचं यावरून रोज वाद. मग स्वतःची दगडी गिरणी घेतली. पुढे रोस्टर आला, त्याचा ड्रम फिरतो आणि धान्य आपोआप परततं. थालीपिठाच्या भाजणीला तो चालतो. मेतकुटाला आजही कढईच. ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, हळद आपल्या सांगलीची.

1998 ते 2018 या वर्षांत काय झालं असं पुतण्या विचारतो. काम झालं. मुलं शिकली, नवीन अन्न परवाने आले, काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घेतला. पुढे.

या वर्षांतलं एकच माणूस सांगण्यासारखं आहे. विश्रामबागेत राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. दर गुरुवारी येऊन पाव किलो मेतकूट, एवढंच. जास्त घ्या म्हटलं तर म्हणायच्या, "ताजं संपवावं, ताजं घ्यावं." त्यांचे यजमान बरीच वर्षं अंथरुणावर होते, संध्याकाळी मेतकूट-भाताशिवाय दुसरं काही जात नव्हतं. पाकीट फोडून बाई चिमूटभर तळहातावर घेत, अंगठ्याने चोळत, हुंगत. एकदा फाल्गुनात म्हणाल्या, "नवे धने लागले वाटतं." आदल्याच दिवशी नव्या धन्यांचं पोतं फुटलं होतं. यजमान गेले तरी गुरुवार चुकला नाही.

आता एजन्सीवाल्यांचं. नाव घेत नाही. सांगलीकरांना कळेल, बाकीच्यांना कळायची गरज नाही. 2008 पासून आमचा माल दुकानांत पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. माणूस गोड बोलणारा. घरी आले की वहिनींच्या पाया पडत, थालीपीठ लोण्याबरोबर खात, "वहिनी, अशी चव जगात नाही" म्हणत. हळूहळू सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर, सगळं त्यांच्या हातात गेलं. दुकानदार आम्हाला ओळखत नव्हते, त्यांना ओळखत. त्यांना सगळं विचारायची सवय होती. डाळ कुठून घेता, घाणा केवढ्याचा, पाकीट कुठे छापता. वहिनी सांगायच्या. मी भिंतीकडे तोंड करून डाळ निवडायची.

आणि 2019 चा श्रावण आला. आमच्या धंद्यात श्रावण म्हणजे उपासाची भाजणी. राजगिरा, साबुदाणा, वरई, जिरं. माल तयार, पाकिटबंद, शिवाय गणपती-दिवाळीसाठी डाळी आणि तांदूळ भरून ठेवलेले. सोमवारी 5 तारखेला नागपंचमी झाली आणि पाणी चढायला लागलं. बाहेरच्यांना वाटतं पूर नदीच्या बाजूने येतो. आमच्याकडे आधी कृष्णेला मिळणारा शेरीनाला फुगतो आणि गटारातून पाणी वर येतं. 2005 चा पूर आम्ही पाहिला होता, भिंतीवर त्याची खूण होती. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या पुढे गेलं होतं. धोक्याची पातळी 45. सगळ्या पेठेने केलं तेच आम्ही केलं, खुणेच्या वर हातभर माळा बांधून माल त्याच्यावर ठेवला आणि मिरजेला माझ्या भावाकडे गेलो. पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. आमचा सगळा माल त्या मधल्या चार फुटांत होता.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा आधी वास आला. उडदाच्या पोत्यांत डाळ भिजून फुगली होती, पोती शिवणीवर उसवली होती आणि आंबलेलं वाटण जमिनीवर चिखलात मिसळलं होतं. उपासाच्या भाजणीची पाकिटं तरंगत वर गेली असणार, पाणी उतरताना ती तुळयांच्या खोबणीत अडकून राहिली होती. रोस्टरची मोटर गेली, पाकीट सीलबंद करायचं मशीन गेलं, गिरणीचे दगड शाबूत पण आत गाळ. विम्याच्या माणसाने तीन फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी नवीन फॉर्म, आणि हातात आलं ते सांगायला लाज वाटते इतकं. लाज मला नाही, त्यांना वाटायला हवी. एक माणूस टेम्पो घेऊन भिजलेलं धान्य विकत घ्यायला आला होता. वाळवून दळणार, मसाल्यात घालणार. वहिनींनी त्याला उंबऱ्यावरूनच परतवला आणि आम्ही सगळं महापालिकेच्या गाडीत टाकलं. ज्यांच्या पोटात काही ठरत नाही ती माणसं मेतकूट खातात, हे त्या टेम्पोवाल्याला काय सांगायचं.

पूर निसर्गाचा होता. पुढचं माणसाचं.

गणपती बसले त्याच आठवड्यात दुकानांच्या फळ्यांवर नवीन मेतकूट आलं. पिवळं पाकीट, तपकिरी किनार, वर ठसठशीत 'घरगुती'. लांबून पाहिलं तर मलाही क्षणभर आमचं वाटलं. एजन्सीवाल्यांचंच. पुरानंतर चार आठवड्यांत कुणी पाकीट छापून, माल करून, दुकानात लावत नाही. ते आधीपासून तयार होतं, संधीची वाट बघत होतं. वर दुकानदारांना सांगितलं काय, तर "त्या बंद झाल्या. आता करणार नाहीत." मागची आमची बाकी मागायला दीर गेले तेव्हा म्हणाले, भिजलेला माल परत आला आहे, त्यातून वळती करून घेतो. आमचं नाव नोंदवलेलं होतं, रंग आणि किनार नव्हती. वकिलांनी फी घेऊन एवढंच सांगितलं.

वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आपण खरंच बंद झालोय का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर बाईंनी दिलं. त्यांना दुकानात ते दुसरं पाकीट मिळालं, त्यांनी तिथेच फोडलं, चोळलं आणि गल्ल्यावर ठेवून निघाल्या. खणभागात आमचं दार बंद, शेजाऱ्यांकडून पत्ता काढला, आणि शहर बसने मिरजेला भावाच्या घरी आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. बसल्या, पाणी प्यायल्या आणि पर्समधून पैशांचं पाकीट काढलं. वर्षाच्या मेतकुटाचे पैसे, आगाऊ. "गुरुवार मोजून आणलेत," म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच दुकानं धरली. निम्मे दुकानदार त्यांचे विद्यार्थी. पन्नाशीच्या माणसाला भर दुकानात "उभा राहा, खोटं का सांगितलंस?" असं विचारलेलं मी ऐकलं आहे.

दिवाळीला दोन महिनेही उरले नव्हते. भावाचा गाळा रिकामा होता, परवान्यावर तो पत्ता घालून घेतला. यंत्र एकही नव्हतं. होत्या त्या तीन कढया, गंजून लाल. राख आणि चिंचेने घासल्या, तेल लावून तापवल्या, पुन्हा घासल्या. त्या वर्षी चकलीची सगळी भाजणी आम्ही हाताने भाजली. वहिनींच्या उजव्या खांद्याचं दुखणं तेव्हापासूनचं. दुकानं नव्हती म्हणून घरोघर दिली, आणि तोच धंद्याचा नवा रस्ता झाला. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे गिऱ्हाइकांचे पत्ते तयार होते. घरात अलग बसलेल्या आजारी माणसांच्या दारात किती पाकिटं ठेवली असतील, मोजली नाहीत.

एजन्सीवाले अजून आहेत. त्यांचं मेतकूट माझ्या चौकशीप्रमाणे नव्हे, त्यांच्याच पाकिटाप्रमाणे सांगते. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणून मागची बाजू वाचायला शिका. त्यांच्यात पहिलं नाव फुटाण्याच्या डाळ्याचं. आयतं भाजलेलं मिळतं, कढईला हात लावायला नको. दुसरं गव्हाचं पीठ. हळद इतकी की भात पिवळाधमक होतो. थालीपिठाचं तर विचारूच नका. 2023 साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष आलं तशी त्यांनी 'मल्टीग्रेन' म्हणून कच्ची पिठं एकत्र करून विकायला काढली. थापताना चिकटतं, खाताना दाताला लागतं. मग लोक म्हणतात आजकाल थालीपीठ पूर्वीसारखं होत नाही.

परवा एका लग्नात भेटले. हात जोडून म्हणाले, "वहिनी, बाजार मोठा आहे, सगळ्यांना पुरेल." मी म्हटलं, पुरेल की. पण तो मोठा आहे हे तुम्हाला आमची पाकिटं विकता विकता कळलं. वहिनींनी मला कोपर मारलं आणि त्यांना जिलबी वाढायला सांगितली. त्यांचा स्वभाव.

नव्याने धंदा करणाऱ्या मुली भेटायला येतात, त्यांना सांगते. सगळा माल एकाच्या हाती देऊ नका, कितीही पाया पडला तरी. दुकानदाराचं तोंड स्वतः महिन्यातून एकदा बघा. उधारी वहीत लिहा आणि त्यावर सही घ्या. 2022 च्या जुलैपासून पाकीटबंद पिठावर पाच टक्के कर आला, तो दरात धरा, नंतर रडू नका. आणि थालीपीठ ओल्या फडक्यावर थापा, प्लॅस्टिकवर नको. मधे भोकं पाडून तेल सोडा, पहिली वाफ झाकणाखाली येऊ द्या. हे धंद्याचं नाही, पण सांगितलं.

दगडी गिरणी पुन्हा चालू आहे, आता वरच्या मजल्यावर. बाईंना गुरुवारी पुतण्या पाकीट नेऊन देतो, त्यांना आता जिना होत नाही. चकलीच्या भाजणीची मागणी घटस्थापनेपर्यंत घेतो. त्यानंतर फोन करून गळ घालू नये. वहिनी मोडतात, म्हणून फोन आता माझ्याकडे असतो.