दीड महिन्याचा श्रावण

आमच्या रावेरच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी एक खिळा आहे आणि त्या एकाच खिळ्यावर दोन कॅलेंडरं आहेत. एक आईचं कालनिर्णय. दुसरं वहिनीच्या माहेराहून, म्हणजे मध्य प्रदेशातल्या खंडव्याहून, दर दिवाळीत मिठाईच्या पिशवीतून गुंडाळी होऊन येणारं जबलपूरचं लाला रामस्वरूप. दुधाचे खाडे आईच्या कॅलेंडरावर मांडतात, सिलिंडर लावल्याची तारीख वहिनीच्या. वर कोणतं आणि खाली कोणतं, हे सकाळी आधी कोण उठलं त्यावर ठरतं.

महिन्यातले पंधरा दिवस ही दोन्ही कॅलेंडरं सख्ख्या बहिणींसारखी नांदतात. शुद्ध पक्ष संपून पौर्णिमा उलटली, की मात्र त्यांचं बोलणं बंद. आईच्या कॅलेंडरात आषाढ वद्य प्रतिपदा, वहिनीच्या कॅलेंडरात त्याच दिवशी श्रावण कृष्ण प्रतिपदा. तारीख तीच, वार तोच, वर आकाशात चंद्रही तोच. महिना मात्र दोघींचा वेगळा.

वहिनी लग्न होऊन आली त्या पहिल्याच पावसाळ्यात हे उघडकीला आलं. गुरुपौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते. आपल्याकडे आषाढाच्या उत्तरार्धात मांसाहारी घरांमध्ये जी घाई असते तीच आमच्याकडे होती: श्रावण लागायच्या आत जेवढं होईल तेवढं उरकून घ्या. दादा सकाळीच कोंबडी घेऊन आला. वहिनीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"सावन में?"

"काबरं व माय, कुठला सावन? अजून आखाड आहे," आई म्हणाली.

"सावन तो परसों ही लग गया, मम्मी."

त्या दिवशी कोंबडी शिजली ती मागच्या अंगणात, चुलीवर. वहिनीनं स्वतःपुरती शेवभाजी केली आणि आमच्याकडे पाठ करून जेवली. आईला वाटलं, पोरीला आपल्या घरचं काही चालत नाही. वहिनीला वाटलं, आपण कुठल्या अधर्मी लोकांत येऊन पडलो. खरं तर दोघीही आपापल्या पंचांगाशी शंभर टक्के प्रामाणिक होत्या.

घोळ एवढाच, की महिना संपला असं कधी म्हणायचं. महाराष्ट्र आणि गुजरातेत महिना अमावस्येला संपतो, म्हणून आपला अमान्त. मध्य प्रदेशापासून पुढे उत्तरेत बहुतेक ठिकाणी तो पौर्णिमेला संपतो, तो पूर्णिमान्त. सण दोघांचे एकाच दिवशी येतात, पण ज्या अष्टमीला आपण श्रावण वद्य म्हणून कृष्णजन्म करतो, तिला खंडव्यात भाद्रपदाची अष्टमी म्हणतात. आपली माघातली महाशिवरात्र त्यांची फाल्गुनातली. रावेर सुटलं की रेल्वेनं अर्ध्या तासात बऱ्हाणपूर येतं, आणि तिथल्या भिंतींवर दुसराच महिना लटकत असतो. परदेशी जाताना घड्याळ पुढे-मागे करतात म्हणे. आम्हाला शेजारच्या राज्यात जाताना महिना बदलावा लागतो, आणि तोही फक्त कृष्णपक्षात.

आता यात बरोबर कोण, हे मी आईसमोर कधीच बोललो नाही. वहिनीसमोरही नाही. पण एक गंमत पुढे कळली आणि ती आईला सांगायची चूक मी केली. अधिक महिना आला, की पूर्णिमान्तवाल्यांनाही तो अमावस्येपासून अमावस्येपर्यंतच मोजावा लागतो. कारण अधिक महिन्याची ओळखच अशी, की दोन अमावस्यांच्या मध्ये सूर्यानं रास बदलली नाही, संक्रांत झाली नाही, तर तो महिना जास्तीचा. मग उत्तरेत त्या महिन्याचा एक पंधरवडा आधी येतो, मध्ये आख्खा अधिक महिना घुसतो आणि राहिलेला पंधरवडा त्यानंतर. वडापावमधल्या वड्यासारखा. 2026 सालचा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून, दोन्ही कॅलेंडरांत अगदी तोच. "म्हणजे शेवटी आलीच ना अमावस्येवर!" आई म्हणाली, आणि त्या आठवड्यात कालनिर्णय वर राहिलं.

अधिक महिना म्हटला की मला मात्र जावई आणि अनारसे आठवत नाहीत. 1985 सालचा अधिक श्रावण आठवतो. म्हणजे खरं तर त्यानंतरची आखाजी.

खानदेशाबाहेरच्यांना आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि सोन्याच्या दुकानातली गर्दी. आमच्याकडे आखाजी म्हणजे माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, गौराईची गाणी आणि पितरांसाठी भरलेली घागर. आणि याच दिवशी सालदाराचं जुनं साल सुटायचं, नवं धरलं जायचं. साल म्हणजे वर्षभराचं ठरीव काम. त्यासाठी ठरलेली रक्कम, दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पोती, धोतरजोडी, जोडे, आणि घेतलेली उचल वजा. दोघांच्या मध्ये ना कागद ना सही. आखाजी ते आखाजी, बस.

माझे आजोबा, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, त्या आखाजीला ओट्यावर हिशेबाला बसले होते. मी आठेक वर्षांचा, बाजूला आंबा चोखत. सालदारकाका खाली पायरीवर. हिशेब झाला, पोती सांगून झाली, आणि काका उठेचनात. जमिनीवर काडीनं रेघा ओढत बसले.

"काय राहिलं रे?"

"अण्णा, मी बारा महिन्यांचं साल धरेल होतं," काका रेघांकडे बघतच म्हणाले. "तेरावा महिना कोनाचा?"

मागच्या एप्रिलातली आखाजी आणि या मे महिन्यातली आखाजी यांच्या मध्ये तेरा महिने झाले होते. जमिनीवर तेरा रेघा होत्या. अण्णांनी आधी आवाज चढवला, मग पंचांग काढलं. मलमास तो, म्हणाले. त्यात लग्न नाही, मुंज नाही, वास्तू नाही. तो महिना कोणी धरत नाही.

"बैलांना सांगा ना मग," काका म्हणाले. "ते त्या महिन्यातबी चारा खात होते."

शेवटी एक पोतं दादर जास्तीचं ठरलं. अण्णांनी ते मोठ्या मनानं दिलं, असं आमच्या घरात आजही सांगतात. मला ते पटत नाही. त्याच न धरायच्या महिन्यात आमच्या फुआजींना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला, तेहतीस अनारसे आणि नवे कपडे मिळाले होते. जावयासाठी तो महिना धरला होता, सालदारासाठी नव्हता.

हा तेरावा महिना येतो कुठून, ते मला शाळेत कोणी नीट सांगितलं नाही. मोठेपणी कळलं तेव्हा आमचं खळंच डोळ्यांसमोर आलं. मधोमध मेढ, तिच्याभोवती बैलांची पात फिरतेय. खळ्याच्या कडेनं मीही त्याच दिशेनं फिरतोय, पण रमतगमत, इतक्या हळू की बैलांच्या तेरा फेऱ्या झाल्या तरी माझी जेमतेम एक व्हावी. बैल ज्या खुंटीपासून निघाला तिथं परत आला, की त्याची फेरी पुरी. पण मी तोवर थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे मला गाठायला त्याला अजून काही पावलं चालावं लागतं. बैल म्हणजे चंद्र, मी म्हणजे सूर्य, खुंटी म्हणजे एखादी चांदणी. चांदणीपासून त्याच चांदणीपर्यंत चंद्राला 27 दिवस आणि पावणेआठ तास लागतात. हा नाक्षत्र महिना, आपल्या सत्तावीस नक्षत्रांचा. सूर्याला गाठायला, म्हणजे अमावस्येपासून अमावस्येपर्यंत, सरासरी 29 दिवस 12 तास 44 मिनिटं. हा आईचा महिना. वहिनीचाही, फक्त ती मोजायला समोरच्या बाजूनं सुरुवात करते.

वर्षभरात चंद्राच्या फेऱ्या होतात 13 आणि वर थोडी, सूर्याची एक. तेरातून एक गेली की भेटी उरतात 12 आणि वर थोडी. ते जे वरचं थोडं, ते वर्षाला साधारण अकरा दिवस. तेच साठत साठत सरासरी 32 महिने 16 दिवसांनी आख्खा महिना होऊन ओट्याच्या पायरीवर येऊन बसतं.

महिन्याचे आणखीही दोन-तीन प्रकार आहेत. चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येऊन पुन्हा तितकाच जवळ येईपर्यंतचा एक, साडेसत्तावीस दिवसांचा. राहूपासून, म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या बिंदूपासून, पुन्हा राहूपर्यंतचा एक, 27 दिवस 5 तासांचा. हा ग्रहणं सांगणाऱ्यांच्या कामाचा. जवळ असताना चंद्र पळतो, लांब गेला की रेंगाळतो, म्हणून तिथीही लहानमोठी होते. 'बाणवृद्धी रसक्षय' असं जुने जोशी म्हणत: तिथी साठ घटकांवर, म्हणजे एका दिवसावर, पाच घटका वाढेल आणि सहा घटका घटेल. बाण पाच आणि रस सहा. पंचांगात एखादी तिथी गळते ती अशी.

हे सगळं मोजणारे बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य, त्यांचे ग्रंथ आमच्याच मुलखात वाचले आणि शिकवले गेले, याचा आम्हाला गर्व आहे आणि आम्ही तो फारसा दाखवत नाही. चाळीसगावजवळ पाटणला लोक जातात ते पाटणादेवीच्या दर्शनाला आणि पावसाळ्यातल्या धबधब्यासाठी. मीही तसाच गेलो होतो, डब्यात भरीत-भाकरी घेऊन. तिथल्या देवळात एक शिलालेख होता, तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला आणि त्याला देणगी मिळाली, असं त्यात आहे. देणगीचा दिवस श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण, साल 1207. शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. बाजारातल्या मालावरचं काय काय मठाला द्यायचं, त्याचा तो तपशील. म्हणजे वर ग्रहण आणि खाली बाजाराचा हिशेब. ही पद्धत आमच्याकडे तेव्हापासूनचीच दिसते. आणि दिवस किती शहाणपणानं निवडलाय पाहा: श्रावण पौर्णिमा. या तिथीला आई आणि वहिनी दोघीही श्रावणच म्हणतात.

भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांनी घेतलेले आकडे ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतले. एका कल्पातले, म्हणजे ब्रह्मदेवाच्या एका दिवसातले, आपले दिवस 15,77,91,64,50,000 आणि त्यातले चांद्रमहिने 53,43,33,00,000. एकदा दुपारी केळीच्या बागेत पाण्याची पाळी होती, लाइट यायची होती, तेव्हा मी मोबाईलवर हा भागाकार करून बघितला. मोबाईलमध्ये एवढी शून्यं मावेनात म्हणून दोन्हीकडची खोडली. उत्तर आलं 29.530582 दिवस. आजचं मोजमाप 29.530589. दोहोंतला फरक एका महिन्यामागे अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त. मी तो आकडा बराच वेळ बघत बसलो आणि तेवढ्यात लाइट येऊन गेलीसुद्धा.

या सगळ्या गणिताची गरज नसलेला एक माणूस आमच्या गल्लीत राहतो. शेजारचे चाचा. रमजानची एकोणतिसावी संध्याकाळ आली, की ते गच्चीवर पश्चिमेकडे तोंड करून उभे. चंद्रकोर दिसली तर महिना एकोणतीसचा, नाही दिसली तर तीसचा. ढग असले की बऱ्हाणपूरला फोन, "चाँद दिखा क्या?" त्यांच्या वर्षात अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. चाचांनी थंडीतले रोजे केले आहेत आणि आमच्या मे महिन्यातल्या उन्हातलेही. रावेरचा मे ज्यानं पाहिलाय त्याला यापुढे काही सांगायला नको.

आणि मोबाईलवाल्यांचा महिना राहिलाच. तो बिचारा अठ्ठावीस दिवसांचा. ना अमावस्या, ना नक्षत्र, ना चंद्रकोर. वर्षाला रिचार्ज तेरा. सालदारकाका आज असते तर तो प्रश्न त्यांनी यांनाही विचारला असता.

पण या सगळ्या महिन्यांचा खरा मार बसला तो दादाला, 2023 साली. त्या वर्षी पुन्हा श्रावणच अधिक आला होता. 1985, 2004, 2023, एकोणीस वर्षांच्या अंतरानं तोच महिना. वहिनीचा सावन लागला 4 जुलैला आणि अधिक महिना पोटात घेऊन संपला थेट राखीला. जवळपास दोन महिने, सोमवार आठ. आईचा अधिक श्रावण 18 जुलैला सुरू आणि त्यानंतरचा निज, म्हणजे नेहमीचा, श्रावण सप्टेंबरच्या मध्याला, पोळ्याच्या अमावस्येला संपणार. एरवी आमच्या घरात श्रावण दीड महिन्याचा असतो, कारण दादानं एकीचा पाळला आणि दुसरीचा मोडला तर जेवण कोण वाढणार? त्या वर्षी तो अडीच महिन्यांच्या घरात गेला. दादानं मधला मार्ग सुचवून पाहिला: आईच्या कॅलेंडरानं सुरू करू, वहिनीच्या कॅलेंडरानं संपवू. दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे असं पाहिलं, की एकमत म्हणजे काय ते मला तेव्हा दिसलं.

राखी झाल्यावर दोन दिवसांनी दादाला एकाएकी बऱ्हाणपुरात काम निघालं. ट्रॅक्टरचा कसलासा पार्ट, रावेरात मिळेना म्हणे. सकाळच्या गाडीनं गेला. बऱ्हाणपुरात सावन दोन दिवसांपूर्वीच संपलेला. संध्याकाळी परत आला तेव्हा पार्ट नव्हता, पण हातात तिथल्या मावा जिलबीचा पुडा होता, आईसाठी गरम बांधून घेतलेला. आईनं पुडा उघडला, जिलबी नाकाजवळ नेली आणि मग दादाचा हातच धरून नाकाशी नेला.

"काय रे," ती म्हणाली, "तिकडे जिलबीला लसणाची फोडणी देतात?"