सांतऊच्या डोंगरावरची लोखंडाची खाण: माझा अनुभव

चैत्राच्या नवरात्रात ग्वाल्हेरजवळच्या सांतऊच्या शीतला मातेला जाणं हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराचा जुना नेम. यंदा दर्शन झाल्यावर डोंगराच्या कडेला सावलीत बसले आणि हाताला एक काळपट दगड लागला. असेल मुठीएवढा, पण उचलताना मनगट खाली गेलं. काकू म्हणाल्या, "अगं, देवीच्या डोंगरावरचा दगड घरी नेऊ नये." म्हटलं, "काकू, तपासते आणि परत आणून ठेवते." तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, एवढा जड दगड टाकून यायला मन होईना.

घरी आल्यावर चिनी मातीचा कप पालथा केला आणि बुडाच्या कडेवर, जिथे झिलई नसते तिथे, दगड घासला. दगड काळा, पण रेघ उमटली विटकरी तांबडी. चुंबक चिकटेना. म्हणजे लोखंडाच्या दोन खनिजांपैकी चुंबकाला चिकटणारं मॅग्नेटाइट नाही, तांबडी रेघ देणारं हेमॅटाइट.

मग वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दगड भरला 412 ग्रॅम. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला आणि दगड दोऱ्याला बांधून, कुठेही टेकू न देता, पाण्यात सोडला. आकडा 94 वर थांबला. हे दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे आकारमान 94 घन सेंटिमीटर, घनता 4.38. शुद्ध हेमॅटाइटची घनता 5.26, गारेची (क्वार्ट्झची) 2.65. दगडात हे दोनच आहेत असं धरलं, तर लोह 55 टक्क्यांच्या आसपास येतं. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं.

एका कार्यालयात चौकशी केली. "इथे फरशीच्या खाणी आहेत, लोखंडाच्या नाहीत," म्हणून वाटेला लावलं. वाईट वाटलं, कारण अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त ग्वाल्हेरच्या गायकांच्या जोडीनेच लोखंडाच्या खाणीचीही नोंद केली आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हॅकेटनेही 1870 मध्ये या भागाच्या भूशास्त्रावर लिहिलं. पुस्तकं वाचताना कळलं, की आपला किल्ला ज्या वालुकाश्मावर उभा आहे तो विंध्य समूहातला, म्हणजे मानाने नवा. खरे म्हातारे खडक शहराभोवतीच्या टेकड्यांत आहेत: खाली पार गावच्या नावाचा वालुकाश्म, त्यावर मुरारच्या नावाचे शेल (चिकणमातीचे पापुद्रेदार खडक), जास्पर (लाल गारगोटीसारखा दगड) आणि लोहयुक्त थर. वय सुमारे 200 कोटी वर्षं. समुद्राच्या पाण्यात विरघळलेलं लोह प्राणवायूशी संयोग पावून तळाशी बसलं, त्याचेच हे थर.

पावसाळ्यापूर्वी भाच्याला घेऊन पुन्हा गेले. बकऱ्या चारणाऱ्या एका बाबांना विचारलं, तर त्यांनी काठीनेच वाट दाखवली. झुडपांत एकामागून एक खड्डे, काही गाळाने भरलेले, आणि एका ठिकाणी कमरेइतकं उंच भोक. भाचा आत वाकला तशी छतातून बचकभर माती त्याच्या पाठीवर पडली. हाताला धरून बाहेर ओढला. आत गेलो नाही, कुणी जाऊही नये. तिथल्या छताला काहीच आधार नाही.

पण खरी गोष्ट बाहेरच पडली होती. तोंडाशी तांबड्या-करड्या पट्ट्यांच्या दगडांचे ढीग होते. एक तुकडा घरी मोजला: 363 ग्रॅम, पाण्यात 110, घनता 3.3. लोह 28 टक्क्यांच्या आत. हे जुन्या काळी खाण खणणाऱ्यांनी काढलं आणि टाकून दिलं! जिथे पावसाच्या पाण्याने गार झिरपून गेली आणि हेमॅटाइट मऊ, दाट उरलं, तेवढाच भाग त्यांनी उचलला. म्हणून तर भोक सरळ नाही, चांगल्या दगडामागे ते डावी-उजवीकडे वळतं. माझ्या काट्याने सांगितलं ते त्यांना हातातल्या वजनावरून कळत होतं.

उताराला मळीचे, म्हणजे दगडातून लोखंड काढताना उरणाऱ्या कचऱ्याचे, तुकडे सापडले. काळे, जड, एका बाजूला मध ओघळून गोठावा तशा वळ्या. मातीची भट्टी, लाकडी कोळसा, कातड्याचा भाता. लोखंड 1,538 अंशांना वितळतं, तेवढी आच या भट्टीत होत नसे. वितळायची ती मळी, लोखंडाचा स्पंजासारखा गोळा राहायचा आणि तो घणाने ठोकून घट्ट करायचा. बरंच लोह मळीतच जायचं, म्हणून दगड निवडून घेणं भागच होतं. पुढे विलायती लोखंड स्वस्तात येऊ लागलं, जंगल विरळ झालं, कोळसा महागला. तेव्हा अशा भट्ट्या देशभर विझल्या.

बाबांना मळीचा तुकडा दाखवला. म्हणाले, आमच्या शेताच्या बांधात असले पुष्कळ आहेत, नांगराला लागतात. येत्या नवरात्रात ते बांध बघायला जायचं ठरलंय. 412 ग्रॅमचा दगड मात्र पावसाळ्यापूर्वीच्या त्या फेरीतच होता तिथे ठेवला. घरी पाऊल टाकताच काकूंनी आधी तेच विचारलं.