घावनं जमली, गिरणीने घाम काढला

आईकडून माझ्याकडे आलेल्या पाककृतींच्या पुस्तकात भरल्या वांग्याच्या पानावर तेलाचे डाग आहेत, पुरणपोळीच्या पानावर हळदीची बोटं. घावनाचं पान मात्र कोरं करकरीत. सोलापुरात न्याहरीला भाकरी, पोहे, फार तर सुशीला, म्हणजे भिजवलेले फोडणीचे चुरमुरे. कोकणातलं घावन आमच्याकडे कोण करणार? म्हणून मीच करायला घेतलं.

साहित्य काय, तर तांदळाची पिठी, मीठ आणि पाणी. पण पिठी घरचीच हवी: जुना तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, बारीक दळलेला. आपल्या कोरड्या हवेत वाळायला वेळ लागत नाही. डबा घेऊन गल्लीतल्या गिरणीत गेले आणि घोडं तिथेच अडलं.

भोगी तोंडावर आलेली. दारापर्यंत बाजरीच्या पिशव्या. "किलोभर तांदूळ? आता बाजरी चालू आहे की ओ ताई. संक्रांत होऊ द्या." संक्रांत झाली, तर दळणारा पोरगा गड्ड्याच्या जत्रेत. तो उगवला तेव्हा म्हणे, "गव्हावर टाकू का?" गव्हावर टाकलं की पहिल्या दोन ओंजळी गव्हाच्याच पडणार, मग घावन पांढरं कसलं होतंय! नको म्हटलं, तर तांदळाला दगड घट्ट करावा लागतो, एवढ्याशा दळणासाठी परवडत नाही, पाच किलो तरी आणा. पाच किलो पिठीचं मी काय करू, रांगोळी घालू? चिडून घरी मिक्सरला फिरवून बघितलं, सगळं रवाळ.

शेवटी सकाळी शटर वर जातानाच जाऊन उभी राहिले. दुप्पट दळणावळ देते म्हटल्यावर दगड लगेच घट्ट झाला. तुम्हीही पहिला नंबर धरा, सुरुवातीचं ओंजळभर पीठ भाकरीच्या पिठात टाका, आणि सणाच्या आठवड्यात गिरणीची पायरी चढू नका. शेजारच्या काकू नंतर म्हणतात, "अगं, तांदूळ भिजवून मिक्सरला वाटला असतास तरी झालं असतं." आधी सांगायचं ना!

बाकी काही अवघड नाही. पीठ ताकाइतकं पातळ. भाकरीचा लोखंडी तवा चालतो, पण कडकडीत तापलेला. अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं आणि पीठ कडेकडून आत ओतत यायचं. चर्र आवाज आला की जाळी पडतेच. पळीने पसरवू नका. झाकण ठेवा, कडा सुटल्या की काढा. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी ढवळून घ्या. पुस्तकात सोबत नारळाचा रस सांगितलाय. आम्ही शेंगाचटणी आणि दह्याशी खाल्ली. सासरे "धिरडंच की हे" म्हणत मागून मागून खात होते.

हां, एक राहिलं. दळून आणलेली पिठी गरम असते. लगेच डब्यात कोंडू नका, परातीत पसरून गार होऊ द्या. नाहीतर झाकणाला पाणी सुटून गुठळ्या होतात, आणि परत गिरणी.