उनपदेवचं पाणी आणि समुद्राचा तळ

काल अडावदजवळच्या उनपदेवला गरम पाण्याच्या कुंडाकाठी बसलो होतो. लहानपणी आजी सांगायची, खाली भट्टी पेटलीय. भट्टी नाही, पण जमिनीतून उष्णता सतत वर येते हे खरंच.

मला त्याहून भावते ती समुद्रतळाची गोष्ट. 1952 साली रेव्हेल आणि मॅक्सवेल या शास्त्रज्ञांनी पॅसिफिकच्या तळातल्या चिखलात लांब सळई खुपसून केलेली उष्णतेची मोजमापं प्रसिद्ध केली. समुद्राखालच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, उष्णता देणारी किरणोत्सारी द्रव्यं फार कमी, म्हणून तळ गारच असणार असं वाटायचं. उष्णता निघाली जवळजवळ खंडांइतकीच!

कारण तो तळ ताजा आहे. सागरी कण्यांवर, म्हणजे समुद्राखालच्या लांबच लांब डोंगररांगांवर, नवा खडक तयार होतो, दोन्ही बाजूंना सरकत निवतो. आई मांडे झाले की खापर उतरवून ठेवायची. ते आधी भराभर निवायचं, मग कितीतरी वेळ कोमटच. तळाचंही तसंच. निवताना खडक आकसतो, जड होतो, खचतो: कण्यावर समुद्र साधारण अडीच किलोमीटर खोल, जुन्या तळावर साडेपाच-सहा.

आमच्या रानातली काळी मातीही बेसाल्टच झिजून झालेली, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. अरबी समुद्रापल्याड कार्ल्सबर्ग कण्यावर बेसाल्ट आजही जन्मतोय.