तुम्ही विचारलंत म्हणून: पिपाणी, मॅच आणि हराम-हलाल

"सर, तुमनामा हाई चालस का?", म्हणजे तुमच्या धर्मात ही चालते का, हे मला मैदानावर विचारून झालंय, चहाच्या टपरीवर विचारून झालंय, एकदा तर एसटीत दांडीला लटकलेलो असताना. 'हाई', म्हणजे 'ही', म्हणजे टेनिस-बॉलच्या मॅचला पोरं फुंकतात ती लांब प्लास्टिकची पिपाणी. मी शाळेत मराठी शिकवतो, यावल-रावेर पट्ट्यातल्या स्पर्धांमध्ये कॉमेंट्री करतो आणि नाव मुसलमानी आहे, त्यामुळे नेमका मीच सापडतो. विचारणाऱ्याला हो किंवा नाही हवं असतं. एकदाच काय ते सांगतो, पुढच्या वेळी कृपा करून स्कोअर विचारा.

हो-नाही सांगता येत नाही, कारण आमच्यातच एकमत नाही. वाद्यांना हलाल, म्हणजे धर्मात चालणारी, मानून बसणाऱ्या लोकांना दोष देणारी हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) बुखारी या हदीससंग्रहात आहे आणि बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, तिच्यावर बोट ठेवतात. स्पेनमधले पंडित इब्न हज्म यांनी अकराव्या शतकात त्या हदीसच्या सनदेतच, म्हणजे ती कुणी कुणाकडून ऐकली त्या साखळीतच, खोट काढली. त्याच बुखारीत ईदच्या दिवशी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांच्या घरी दफ (डफासारखं वाद्य) वाजवत गाणाऱ्या मुली आहेत. आयेशांचे वडील अबू बक्र त्यांच्यावर रागावतात, तर पैगंबरसाहेब म्हणतात, राहू दे, आज ईद आहे. मशिदीत भाल्यांचे खेळ करणारे हबशी आहेत, ते बघत उभ्या राहिलेल्या आयेशा आहेत. हे मी आमच्या इमामसाहेबांपुढे मांडलं की ते म्हणतात, "मास्तर, दफ म्हणजे दफ, पिपाणी नव्हे." नमाजला बोलवायला शिंग फुंकावं अशीही सूचना मदिनेत आली होती, ती मागे पडली आणि अजान द्यायला बिलाल यांचा आवाज आला, हेही ते ऐकवतात. मी म्हणतो, ती गोष्ट नमाजची, सिक्सरची नाही. ते हसतात आणि विषय बदलतात. आमचं बरं चाललंय. त्रास तुमचा आहे.

2010 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकात ही पिपाणी व्हुव्हुझेला म्हणून जगभर गाजली. टीव्ही लावला की मोहोळ उठल्यासारखा आवाज. मोजणाऱ्यांना तो 120 डेसिबलच्याही वर गेलेला आढळला. त्याच वर्षी युरोपच्या फुटबॉल संघटनेने तिला आपल्या स्पर्धांमधून हाकललं आणि संयुक्त अरब अमिरातीच्या धार्मिक व्यवहार खात्याने फतवा काढला: 100 डेसिबलच्या वर जाणारी नको, कानाला इजा होते, त्याखालची चालेल. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. मुफ्ती आता मीटर घेऊन बसणार? 99 ला माफ आणि 101 ला गुनाह? त्या हसणाऱ्या तरुण मास्तरशी मी आज भांडतो. अरे, त्या फतव्यात वाद्य हलाल की हराम हा घोळच घातला नाही, इजा कुणाला होते एवढंच बघितलं. 'ला जरर व ला जिरार', ना नुकसान सोसा, ना दुसऱ्याचं करा, हा त्याचा पाया. कामगारांसाठी अमेरिकेतल्या NIOSH या सरकारी संस्थेने सुचवलेला हिशेबही 100 डेसिबलला दिवसाला 15 मिनिटं, त्यापुढे कान धोक्यात, असाच आहे. तो तरुण मात्र ऐकत नाही. म्हणतो, आपल्या मैदानावर मीटर कोण आणणार? त्याचंही खोटं नाही.

मॅचचं सांगतो, कारण त्यानंतरच हा प्रश्न माझ्या मागे लागला.

केळीची बाग काढून सपाट केलेलं रान, खांबांवर एलईडी, फायनल. सारंगखेड्याच्या जत्रेतून आणलेल्या पिपाण्या डाव्या बाजूला ओळीने बसलेल्या. शेवटच्या ओव्हरला चेंडू उंच गेला. लाँग-ऑन आणि मिडविकेट, दोघंही धावले, दोघांचीही मान वर. दोघांचे ओठ "माझी" म्हणून हललेले मला मचाणावरून दिसले. आवाज मात्र कुणाचाच आला नाही, मला माइकपाशी नाही तर त्यांना एकमेकांचा कुठून येणार? कपाळ जबड्यावर आपटलं. लाँग-ऑनचा पोरगा, आयटीआयला जाणारा, आधी गुडघ्यावर बसला, मग आडवा झाला. त्याच्या हाताच्या ओंजळीत रक्त आणि त्यात दाताचा तुकडा. आणि पिपाण्या चालूच, कारण चेंडू सीमेपार गेला होता आणि त्या बाजूच्या पोरांना चौकारच दिसला.

मी माइकवर ओरडलो, "बंद करा त्या पिपाण्या! आत्ताच्या आत्ता!" दोनदा-तीनदा ओरडलो. आवाज थांबला, तसं मागून एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "यांच्यात हराम ऱ्हातंय ना, म्हणून बंद करायला लावतोय." काही हसले. पोराला पिकअपमध्ये घालून जळगावला नेलं, जबड्याला तारा घातल्या. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा जबड्याची नव्हती, माझ्या धर्माची होती.

ते मला लागलं, अजून लागतं. रक्त दिसत असताना पिपाणी बंद कर म्हणायला मला कुठल्या किताबाची गरज होती? माझ्या जागी पाटील किंवा महाजन असता तर तुम्ही म्हणाला असता, माणूस जबाबदार आहे. पण खरं बोलायचं तर, ओरडताना माझ्या आत थोडी चीड आधीपासून साठलेली नव्हती असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. लहानपणापासून घरात ऐकलेलं कानात राहतंच. किती इजेची, किती घरातली, मला वेगळं काढता येत नाही.

आता तुमचा ठरलेला उलट सवाल: मग मशिदीच्या भोंग्याचं काय? कायदा दोन्हीकडे तोच. 2000 सालचे ध्वनी नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल सांगतात, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये म्हटलं. मला ते मान्य आहे, हे मी मशिदीत बोललोय आणि तिथेही खट्टू चेहरे बघितलेत. फक्त तुमच्या वरातीतला डीजे त्या हिशेबात धरायला विसरू नका. आणि हो, माझा कॉमेंट्रीचा कर्णाही धरा. तो 55 मध्ये बसत नाही.

यंदा आयोजक पुन्हा माइकसाठी आले. मी अट घातली: चेंडू खेळात असताना पिपाणी नाही, ओव्हर संपली की खुशाल फुंका. इमामसाहेब म्हणतात, मग परवानगी तरी का देतोस? पोरं म्हणतात, सिक्सर गेल्यावर ओव्हर संपायची वाट कोण बघणार, सर? आयोजक म्हणाले, बघू. पिपाण्या मात्र त्यांनी आधीच घाऊक आणून ठेवल्यात.