हार्डनेस सत्तरच होता

मुरूम भरलेली ट्रॉली उचलताना सिलिंडरचं तेल अडवणारं रबरी सील फाटलं, तेल सुटलं आणि ट्रॉली अर्ध्यावरून खाली बसली. खाली माणूस नव्हता, म्हणून ती नुसती तक्रार ठरली. निपाणीकडचे ट्रॉलीवाले अण्णा ते सील घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत माझ्याकडे आले. आमचं रबर कंपाउंड, म्हणजे सील घडवायचं तयार मिश्रण, सोडून त्यांनी दुसरीकडचं घेतलं होतं, किलोमागे २० टक्के स्वस्त.

"हार्डनेस सत्तरच आहे बघा की," अण्णा म्हणाले. हार्डनेस म्हणजे रबराचा कडकपणा; मीटरवर तो सत्तरच दिसला. सगळे तेवढंच बघतात, ड्रॉइंगवरही तेवढंच लिहितात.

मी तुकडा हवेत तोलला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात. घनता १.५ आली. आमचं नायट्राइल, म्हणजे तेलात टिकणारं रबर, १.२२ च्या आसपास असतं. तुकडा भट्टीत ५५० अंशांना जाळला. रबर आणि कार्बन ब्लॅक, म्हणजे त्यात घातलेली काजळी, जळून जातात. इथं शंभरातला चाळीसच्या वर भाग पांढरी राख उरली. आम्लाचा थेंब टाकताच ती फसफसली. खडूची पावडर!

रबरात-प्लॅस्टिकात मिसळायची पूड किंवा तंतू म्हणजे फिलर. फिलर म्हणजे भेसळ, असं बोललेलं मला सहन होत नाही. कार्बन ब्लॅक नसेल तर नायट्राइल हातानं फाटेल. गाडीच्या बंपरात टाल्क असतो, नायलॉनच्या गियरमध्ये काचेचे तंतू, दातात भरतात त्या पांढऱ्या मसाल्यात काचेची बारीक पूड. आपल्या बेळगावात बॉक्साइटपासून निघणारं अॅल्युमिनियम हायड्रेट केबलच्या आवरणात घालतात. दोनशे अंशांपुढे ते वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाणी सोडतं आणि आग मंदावते. खडूही पाइपात, कागदात, पायपुसण्यात चांगलाच. पण तो रबराला घट्ट धरत नाही. हार्डनेस वाढवतो, ताकद देत नाही. दाबून ठेवलेलं सील मग चपटंच राहतं.

शिवाय साचा भरतो तो आकारमानानं. घनता १.५ म्हटल्यावर त्याच सीलला २३ टक्के जास्त वजन लागतं. शंभर रुपयांत अण्णांचे दोन रुपयेही वाचले नव्हते. हिशेब कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

त्यांच्या ड्रॉइंगवर आता दोन ओळी वाढल्या आहेत: घनता, आणि १०० अंशांना २२ तास दाबून ठेवल्यावरचा सेट, म्हणजे रबर किती चपटं राहतं ते. ट्रॉलीच्या पायदानाचं रबर मात्र त्यांनी खडूचंच मागितलं. मी दिलं. पण त्या स्वस्त कंपाउंडची सीलं बसवून विकलेल्या ट्रॉल्या कुठल्या कुठल्या गावांत गेल्या, त्याची यादी अण्णांकडे नाही. जमेल तसे फोन लावणं चालू आहे.